एका घरातली माणसं

कौटुंबिक नाटक बसवायला सोपं, असा समज हौशी संस्थांमध्ये फार जुना आहे. एकच सेट, रोजचे कपडे, ओळखीची माणसं. राजवाडा नको, तलवारी नकोत, भरजरी अंगरखे नकोत. नेरुळला राहणाऱ्या आणि शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ नाटकात रमलेल्या एका दिग्दर्शिकेचं मत नेमकं याच्या उलट आहे. संस्थेतली सगळी त्यांना ‘बाई’ म्हणतात. बाई म्हणतात, ऐतिहासिक नाटकातला मावळा महिनाभरात उभा करता येतो, कारण खरा मावळा कोणी पाहिलेला नसतो. आई मात्र नाट्यगृहातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. पदर कुठे खोचला, ताट कसं पुढे केलं, थोरल्या दिरासमोरून कशी गेली, यात जरा कमीजास्त झालं की तिसऱ्या रांगेतली बाई शेजारणीला कोपराने ढोसते. मग संवाद कितीही चांगले असोत, ते घर पुन्हा उभं राहत नाही.

या बाईंनी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ करायला घेतलं. लेखकाची परवानगी घेतली, संहितेच्या प्रती काढल्या आणि संस्थेतल्या मंडळींना एका सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं. नाटक सर्वांना माहीत होतं. १९८५ मध्ये विजया मेहता यांनी ते ‘कलावैभव’साठी प्रथम रंगमंचावर आणलं. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’मध्ये ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्रिनाट्यधारा सलग केली, आणि पुढे २०१४ मध्ये पुन्हा ‘वाडा’ व्यावसायिक रंगभूमीवर आणला. इतक्या मोठ्या प्रयोगांच्या आठवणी ताज्या असताना तेच नाटक हातात घ्यायला धाडस लागतं. बाईंचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. असे वाडे त्यांनी आतून पाहिले होते, आणि ते पडतानाही पाहिले होते.

विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. घरातला कर्ता म्हातारा, तात्याजी, नुकताच गेलेला. थोरला भास्कर आणि वहिनी, वाड्यातच राबणारा चंदू, शिकायचं राहून गेलेली प्रभा, मुंबईहून उशिरा पोहोचलेला सुधीर आणि त्याची बायको अंजली, भास्करची मुलं पराग आणि रंजू, आई, आणि अंथरुणाला खिळलेली दादी. तेराव्याचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नातून सगळं घर उसवत जातं. दाराशी ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. घटना म्हणून पाहिलं तर फार काही घडत नाही; जे काही आहे ते माणसांच्या एकमेकांशी असलेल्या अंतरात आहे. म्हणूनच या नाटकात नेपथ्य, वेशभूषा आणि पात्रनिवड ही तीन माणसांकडे वाटून द्यायची तीन कामं नाहीत, असं बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. या घरात कोण किती मुरलेलं आहे आणि कोण किती उपरं, हा एकच प्रश्न. त्याचं उत्तर चेहऱ्यांनी, कपड्यांनी आणि दारांनी मिळून द्यायचं.

पात्रनिवडीला सर्वाधिक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. हौशी संस्थेत भूमिकेला माणूस शोधण्याआधी, हाताशी असलेल्या माणसाला वेळ आहे का हे बघावं लागतं. भास्कर करणारे गृहस्थ वाशीच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर हिशेब बघतात. त्यांचा दिवस पहाटे गाड्या उतरतात तेव्हा सुरू होतो, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत तालीम नको. सुधीर करणारा ऐरोलीच्या आयटी पार्कातला. त्याची पाळी बदलत राहते. रंजूसाठी निवडलेली मुलगी बारावीला, म्हणून तिच्या आईला दोनदा भेटून शब्द द्यावा लागला.

वहिनीच्या भूमिकेचा निर्णय मात्र बघण्यासारखा होता. संस्थेत मूळची अकोल्याची एक चांगली अभिनेत्री होती. वऱ्हाडी तिच्या जिभेवर होती, ती येणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. बाईंनी तिला प्रभा दिली आणि वहिनीसाठी कोपरखैरणे गावातली एक आगरी बाई निवडली. तिची बोली पूर्ण वेगळी, हेल वेगळा. कुरकुर झाली. पण ती बाई एकत्र कुटुंबात थोरली सून म्हणून वावरलेली होती. स्वयंपाकघरातून बाहेर येताना आधी आवाज घ्यायचा, मग डोकावायचं, मग यायचं, हे तिला शिकवावं लागणार नव्हतं. सिडकोने जमिनी घेतल्यानंतर साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांवरून इथल्या अनेक घरांत भावाभावांच्या वाटण्या झाल्या. इस्टेटीची गोष्ट निघाली की घरातल्या बायका कशा गप्प होतात आणि त्या गप्प राहण्यातही कसा हिशेब असतो, हे तिने जवळून पाहिलं होतं. वऱ्हाडी वळण तिने महिन्याभरात उचललं. उलट क्रमाने हे झालं नसतं. बोली शिकवता येते. अंगात भिनलेली सवय तालमीत शिकवायला आयुष्य पुरत नाही.

याबाबत चेखवचं उदाहरण बाई नेहमी देतात. १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने ‘चेरी ऑर्चर्ड’ केलं. तेही एक घर आणि एक बाग हातची जाण्याचं नाटक. चेखवने लोपाखिन हा व्यापारी लिहिताना स्तानिस्लावस्की डोळ्यांसमोर ठेवला होता. स्तानिस्लावस्की स्वतः व्यापारी घराण्यातलाच होता. त्याने मात्र जमीनदारांच्या घरातला गायेव निवडला. नटाला कोणती भूमिका आवडते आणि कोणत्या भूमिकेला तो नट हवा असतो, यांत अंतर पडू शकतं, एवढं या उदाहरणावरून कळतं. बाईंच्या संस्थेतही भास्कर सगळ्यांना करायचा होता, चंदू कोणालाच नाही. चंदूला संवाद कमी, राबणं जास्त, आणि पुढे दुखावलेला पाय. ज्याने हो म्हटलं तो मुलगा सर्वांत शांत होता. प्रयोगानंतर लोक त्याच्याबद्दलच विचारत होते.

दादीसाठी ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका आजी मिळाल्या. त्यांनी आयुष्यात नाटकात काम केलेलं नव्हतं. खरं तर म्हातारपण रंगवायला म्हातारंच माणूस लागतं असं नाही. २३ डिसेंबर १९७० ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा अप्पा बेलवलकर उभे करणारे श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. पण अप्पांना बोलायला डोंगराएवढी स्वगतं आहेत, त्यांतून वय उभं करता येतं. दादीला पडून राहायचं आहे, मध्येच काही विचारायचं आहे आणि पुन्हा पडून राहायचं आहे. तिथे तरुण मुलीने पांढरा विग घालून केलेला कंप पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. आजींनी फक्त एकच अट घातली. खाटेवर खरी गादी हवी.

सख्खे भाऊ सख्खे वाटावेत म्हणून चेहरे जुळवण्याच्या भानगडीत बाई पडल्या नाहीत. ‘चारचौघी’ १९९१ मध्ये आलं तेव्हा आई दीपा श्रीराम आणि मुली वंदना गुप्ते, आसावरी जोशी, प्रतीक्षा लोणकर. चेहऱ्यामोहऱ्याने चौघी चार दिशांच्या, आणि तरी त्या एका घरातल्या आहेत याबद्दल प्रेक्षकांना शंका आली नाही. रोजच्या सवयी जुळल्या की रक्ताचं नातं दिसतं. भास्कर, सुधीर आणि चंदू यांना बाईंनी तालमीआधी एकत्र जेवायला बसवलं, जमिनीवर, मांडी घालून. ताटाभोवती पाणी फिरवायची पद्धत, पहिला घास घेताना डावा हात गुडघ्यावर ठेवणं, हात धुऊन धोतराला किंवा पँटला पुसणं, हे तिघांनी एकसारखं ठरवून घेतलं. मुंबईला जाऊन पँटबुशशर्ट घालणारा सुधीरही हात तसाच पुसतो. अंजली ते बघते आणि नजर वळवते. संहितेत नसलेली ही गोष्ट प्रयोगात टिकली.

नेपथ्याच्या बैठकीत पहिला वाद उंचीवरून झाला. वाडा म्हणजे उंची, जाड भिंती, खांब, वर हरवलेलं आढं. हौशी संस्थेचा सेट एका टेम्पोत मावायला हवा आणि आधीचा प्रयोग संपल्यावर काही तासांत उभा राहायला हवा. २०१४ च्या प्रयोगात प्रदीप मुळ्ये यांनी उभा केलेला वाडा संस्थेतल्या अनेकांच्या डोळ्यांत होता. त्याची नक्कल करायची नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं, आणि तो निर्णय योग्यच होता. उधार घेतलेल्या वाड्यात ही माणसं पाहुण्यांसारखी वावरली असती. मग ठरलं ते असं. प्लायवूडचे पोकळ खांब दोन तुकड्यांत करायचे आणि मधल्या पट्टीआड बोल्टने जोडायचे. छत दाखवायचंच नाही. खांब वर जात जात अंधारात हरवतील अशी प्रकाशयोजना करायची, म्हणजे उंची प्रेक्षक स्वतःच भरून काढतील. ट्रॅक्टर पूर्ण आणणं शक्य नव्हतं. गंजका मडगार्ड आणि एक फुटका दिवा विंगेच्या कडेला, ओटीच्या पलीकडे दिसेल असा ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याला वळसा घालूनच जावं लागे.

दार मात्र मुद्दाम ठेंगणं केलं. जुन्या वाड्यांची आतली दारं बुटकी असतात, मान लववूनच आत जावं लागतं. बाईंनी सुताराकडून चौकट साडेपाच फुटांची करून घेतली आणि खाली रुंद उंबरठा. आता प्रत्येकाचं येणंजाणं वेगळं झालं. भास्कर वाकतो, पण त्याला ते माहीतही नाही. चंदू हातात हंडा घेऊन, खाली न बघता उंबरठा ओलांडतो. कित्येक वर्षं दूर राहिलेला सुधीरही पहिल्या प्रवेशातच बोलता बोलता सहज वाकतो. त्याच्या अंगाला वाडा आठवत असतो. अंजली थांबते, वर बघते, मग खाली बघते आणि मग आत येते. ती या घरची नाही, हे सांगायला एकाही शब्दाची गरज उरली नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये फरशीला खिळा मारायची सोय नव्हती. तिथे रंगीत टेपने भिंती आखल्या, उंबरठ्याच्या जागी लाकडी पट्टी ठेवली आणि डोक्याच्या उंचीवर आडवी दोरी बांधली. पहिल्या तालमीपासून दोरी होती, म्हणून प्रयोगाच्या दिवशी कोणाचं कपाळ चौकटीवर आपटलं नाही.

वेशभूषेकडे वळताना बाईंनी भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानांचा विचारच केला नाही. तिथली नऊवारी लावणीची किंवा लग्नाची असते, काठ झळझळीत. त्यांनी बोहारणीला गाठलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका कोणत्या घरातून काय येतं हे पक्कं जाणून असतात. तिच्याकडून खऱ्याखुऱ्या वापरलेल्या सुती साड्या, विटके सदरे आणि दोन लुगडी मिळाली. नवं वाटणारं सगळं चहाच्या पाण्यात भिजवून, उन्हात टाकून उतरवलं.

मग बाईंनी एक गंमत केली, जी प्रेक्षकांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आली असेल. चंदूचा सदरा भास्करच्या जुन्या सदऱ्याच्याच कापडाचा, फक्त कॉलर उसवून उलटी लावलेली. रंजूचं परकर-पोलकं वहिनीच्या एका साडीतून बेतलेलं. तशीच साडी वहिनी पहिल्या अंकात नेसते. आणि दादीच्या अंगावरची गोधडी या सगळ्यांच्या तुकड्यांची: तात्याजींच्या धोतराची किनार, आईच्या लुगड्याचा काठ, पोरांच्या लहानपणीच्या कपड्यांची चिटं. घरात कापड वाया जात नाही, ते थोरल्याकडून धाकट्याकडे आणि शेवटी अंथरुणात जातं. अंजलीच्या अंगावरचं काहीही या फिरत्या कापडातलं नाही. तिची साडी साधीच, सुतकाचं भान ठेवलेली, पण इस्त्रीची. सगळ्या वाड्यात इस्त्री झालेलं कापड तेवढं एकच. दुसऱ्या अंकात तीही चुरगळलेली आहे. गोधडीचं हे कळल्यावर आजी तिच्यावरून हात फिरवत पडू लागल्या. दिग्दर्शन म्हणून कोणी त्यांना ते सांगितलेलं नव्हतं.

मराठी रंगभूमीला कपड्यांचं हे बळ नवं नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि त्यानंतर महिन्याभरातच ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं. शालू-पैठण्यांच्या थाटासाठी ज्यांच्याकडे लोक बघत, त्या बालगंधर्वांनी त्यात दारिद्र्यात पिचलेली सिंधू ठिगळ लावलेल्या लुगड्यात उभी केली. त्या ठिगळाने जे सांगितलं असेल, ते दारूबंदीच्या कितीतरी भाषणांना सांगता आलं नसतं.

रंगभूषेतला एक बारकावा इथे सांगायलाच हवा. आई नुकतीच विधवा झालेली. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, बांगड्या नाहीत, एवढं कोणीही करेल. या संस्थेच्या रंगभूषाकाराने कपाळाच्या मधोमध, वर्षानुवर्षं कुंकू असलेल्या जागी, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किंचित फिकट गोल ठेवला आणि मनगटांवर तशाच फिकट कडा. पाचव्या रांगेच्या मागे ते दिसत नाही. पण आईचं काम करणाऱ्या अभिनेत्रीने आरशात पाहिलं आणि त्यानंतर तिचा हात नाटकभर अधूनमधून मनगटाकडे जात राहिला.

सोन्याचा प्रश्न शेवटपर्यंत छळत होता. घराण्याचे दागिने हा या नाटकाचा कणा. वहिनीच्या अंगावर ते सगळे एकदम चढतात त्या रात्रीच्या प्रवेशात या घराचा गेलेला काळ क्षणभर परत उभा राहतो आणि म्हणूनच पुढे ते हातचे जातात तेव्हा पोटात खड्डा पडतो. बाजारातले खोटे दागिने दिव्यांखाली भडक पिवळे दिसत आणि वाजत डब्यासारखे. जुनं सोनं मंद असतं आणि जड असतं. चंद्रहार, पुतळ्यांची माळ, वाक्या, तोडे, गोफ असं जमवल्यावर साबणाचा हात फिरवून त्यांची चमक मोडली. वजनासाठी तोडे पितळी घेतले. अभिनेत्रीला ते तालमीतही घालायला लावले, कारण जड हात उचलण्याची गती वेगळी असते. उपड्या हाताने पदर सावरताना पितळ पितळावर घासून जो जाड आवाज येतो तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

रंगीत तालमीला एक अडचण उघड झाली. आईचं लुगडं आणि मागची भिंत पिवळ्या प्रकाशात एकाच रंगाची होऊन आई भिंतीत विरून जात होती. लुगडं बदलू, असं सगळे म्हणाले. बाईंनी भिंत बदलायला लावली. त्या अभिनेत्रीने ते लुगडं नेसून महिनाभर तालमी केल्या होत्या, घरीही नेसली होती. आता ते तिचं झालं होतं. भिंत रंगवायला एक रात्र पुरली. ज्यांना पुढे असं नाटक करायचं आहे त्यांनी कापडाचे तुकडे आणि भिंतीचा रंग प्रत्यक्ष दिव्यांखाली आधीच शेजारी धरून बघावेत.

प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात झाला. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करणाऱ्या भाव्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. प्रेक्षक बहुतेक वाशी, नेरुळ, सानपाडा, बेलापूरचे. सिडकोची स्थापना १९७० ची, मानखुर्दहून रेल्वे वाशीला आली १९९२ मध्ये. या शहरातल्या मराठी घरांत मोठा भरणा सुधीर-अंजलींचाच आहे. कोणाचा वाडा साताऱ्याकडे होता, कोणाचं चौसोपी घर रत्नागिरीत, कोणाचं वऱ्हाडात. सणासुतकाला जायचं, हिश्शाची बोलणी ऐकायची, आणि परत यायचं. इथे हे नाटक दुसऱ्याचं म्हणून कोणी पाहत नाही. प्रयोगानंतर विंगेत आलेल्या एका गृहस्थांनी कलाकारांचं कौतुक करायच्या आधी ठेंगण्या दाराला हात लावून पाहिला.

या प्रयोगातला पितळी हंडा, लोखंडी ट्रंक, पाट आणि कंदील सगळे प्रेक्षकांच्याच घरांतून मागून आणलेले होते. गावाकडचं घर मोडलं तेव्हा कोणीतरी आणून ठेवलेल्या आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नसल्याने माळ्यावर पडलेल्या या वस्तू. नवी मुंबईतल्या प्रत्येक सेक्टरात अशा अजून कितीतरी असतील: आजीची सुती लुगडी, सोवळ्याची कद, धोतरजोड्या, अडकित्ते, फिरकीचे तांबे. दिवाळीच्या सफाईत ते भंगारात किंवा बोहारणीला देण्याआधी आपल्या भागात नाटक करणाऱ्या संस्थेला एकदा विचारा. आणि सोसायटीच्या कमिटीवर असाल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी रिकामा पडणारा हॉल तालमीला उघडून द्या. या संस्थांना आज पैशांपेक्षाही या दोन गोष्टींची अधिक गरज आहे.